पंगतीपासून टेबलापर्यंत : पैनगंगेकाठच्या उमरखेडच्या संदर्भात सार्वजनिक भोजनगृहांचा सामाजिक इतिहास

परक्या माणसाने शिजविलेले अन्न पैसे देऊन विकत घ्यावे आणि ते अनोळखी माणसांच्या सान्निध्यात बसून खावे, हा व्यवहार आज इतका सर्वसामान्य झाला आहे की त्यास काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तथापि महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनात हा व्यवहार अलीकडचा आहे, आणि तो सुरळीतपणे रूढ झालेला नाही. ज्या समाजात रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन गोष्टींनी जातीची सीमा आखली जात होती, त्या समाजात भोजनगृहाचे दार उघडणे म्हणजे त्या सीमेपैकी एक बाजू मोकळी करण्यासारखे होते. म्हणूनच शहराच्या किंवा कसब्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या साध्या खाणावळीचा इतिहास हा केवळ पाककलेचा इतिहास ठरत नाही. पैसा ही पात्रता जन्म या पात्रतेची जागा घेऊ शकली काय, आणि घेतली असल्यास कितपत, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार तीन पोटप्रश्नांच्या आधारे करणे सोयीचे आहे. भोजनगृहात कोण बसतो? तो कोणाच्या भांड्यातून खातो-पितो? आणि त्याचे अन्न कोण शिजवतो? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरे इतिहासात वेगवेगळ्या काळी बदलत गेली. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांचे दाखले या विषयात नेहमी दिले जातात. परंतु सीमेवरील एखाद्या लहान गावाच्या दृष्टीने पाहिल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे असे गाव आहे.

१. गावाचे स्थान

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाकडील तालुक्याचे ठाणे. पूर्वी हा मुलूख पुसद तालुक्यात मोडत असे. स्वतंत्र तालुका पुढे झाला. गावाच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका लागतो. आज ही केवळ दोन जिल्ह्यांमधील सीमा आहे. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यापासून जवळजवळ एक शतकभर ही नदी दोन राज्यव्यवस्थांमधील रेषा होती. उत्तर काठावर इंग्रजी अंमल, दक्षिण काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले व १९०३ मध्ये कारभारासाठी मध्यप्रांतास जोडले गेले. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला गेला आणि पुसद तालुका पूर्वीच्या वणी जिल्ह्यास जोडून त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. नदीच्या दोन तीरांवर नाणेही निराळे होते. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. माल नदीपार नेताना संस्थानच्या करोडगिरीची जकात द्यावी लागे.

दुसरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे दळणवळण. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला, आणि मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. उमरखेड मात्र लोहमार्गापासून दूर राहिले. यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव, नांदेड असा जो रस्ता जातो व जो आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग आहे, त्या रस्त्यावरच या गावाची वर्दळ अवलंबून राहिली. यामुळे येथील भोजनगृहाचा विचार रेल्वे स्थानकाच्या नव्हे, तर रस्त्याच्या आणि बसस्थानकाच्या अनुषंगाने करावा लागतो. हा भेद महत्त्वाचा आहे. रेल्वेने आपल्या स्थानकांवर हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी वेगवेगळे पाणी व वेगवेगळी उपाहारगृहे ठेवून भेदास सरकारी रूप दिले होते. रस्त्यावरच्या गावात असा कोणताही लेखी नियम नव्हता. तेथे भेद चालत असे तो रूढीच्या बळावर.

२. विकत न मिळणारे अन्न

आधुनिक भोजनगृहापूर्वी प्रवाशाच्या अन्नाची सोय मुख्यत्वे चार मार्गांनी होत असे. पहिला मार्ग शिदोरीचा. बैलगाडीने बाजारास जाणारा वऱ्हाडातील शेतकरी ज्वारीची भाकर, चटणी व कांदा फडक्यात बांधून निघे. नदीकाठी किंवा विहिरीशेजारी बसून तो ती खाई. मुक्काम लांबल्यास गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून घेई. दुसरा मार्ग नातेवाईक वा जातभाई यांच्या घरचा. तिसरा धर्मार्थ अन्नाचा : अन्नछत्र, सदावर्त, मठ व देवस्थाने. अहिल्याबाई होळकरांनी देशभर चालविलेली अन्नछत्रे या परंपरेतील विख्यात उदाहरण होत. चौथा मार्ग विद्यार्थ्यांचा व भिक्षुकांचा. माधुकरी मागणे, किंवा सात घरी सात वार लावून जेवणे, ही पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती.

या चारही मार्गांत एक समान गोष्ट आढळते. अन्न मिळते ते नात्याने, जातीने, पुण्याच्या अपेक्षेने किंवा आश्रयाने. जेवणारा आणि वाढणारा हे एकमेकांस ओळखतात. निदान एकमेकांची जात ओळखतात. अन्नछत्रातही पंगत जातवार बसे. म्हणजे अन्न फुकट होते, पण ते सर्वांसाठी नव्हते. पंगत ही बसण्याची पद्धत या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जमिनीवर एका ओळीत, एकाच वेळी बसावयाचे व एकाच वेळी उठावयाचे, अशी तिची रीत. पंगतीस बसलेला प्रत्येक माणूस शेजाऱ्याच्या शुद्धतेत भागीदार असतो. म्हणूनच ‘पंक्तिपावन’ आणि ‘अपांक्तेय’ हे शब्द धर्मशास्त्रात केवळ भोजनाचे न राहता सामाजिक दर्जाचे शब्द बनले.

या पार्श्वभूमीवर ‘खाणावळ’ या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. मराठीत धुणावळ, शिवणावळ, घडणावळ हे शब्द त्या त्या कामाच्या मोबदल्याचे वाचक आहेत. त्याच धर्तीवर पाहता खाणावळ म्हणजे प्रथमतः खाण्याबद्दल द्यावयाची रक्कम होय. त्या रकमेवरून ते जेवण देणाऱ्या घरास नाव पडले. ‘अन्नछत्र’ या शब्दात दाता सूचित होतो, तर ‘खाणावळ’ या शब्दात केवळ हिशेब सूचित होतो. दात्याकडून हिशेबाकडे झालेले हे स्थित्यंतर म्हणजेच सार्वजनिक भोजनगृहाचा आरंभ.

३. नगरांतील खाणावळ आणि तिच्या मर्यादा

हे स्थित्यंतर प्रथम मुंबईत मोठ्या प्रमाणावर घडले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतरच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतून आलेला पुरुष कामगार परळ-लालबागच्या चाळींत दाटीने राहू लागला. त्याचे कुटुंब गावी असे. त्याच्या जेवणाची सोय केली ती बहुधा त्याच चाळीत राहणाऱ्या, त्याच्याच मुलखातील स्त्रियांनी. महिन्याच्या हिशेबाने दोन वेळा जेवण, असा हा व्यवहार होता. ही खाणावळ घराचाच विस्तार होती. तिच्यात पैसा आला, पण गाव व जात यांची ओळख सुटली नाही. या स्त्रियांचे श्रम दीर्घकाळ कोणाच्या हिशेबात आले नाहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांस संघटित केले व बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या व्यवसायाचे स्वरूप सार्वजनिकरीत्या प्रकट झाले.

गिरगाव, दादर व पुणे येथील मध्यमवर्गीय खाणावळींचा मार्ग थोडा निराळा होता. कचेरीत नोकरी करणारा कारकून व शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी हे त्यांचे गिऱ्हाईक. दादर येथील मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे. पुण्यातील ‘पूना गेस्ट हाऊस’ मूकपटांचे निर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये स्थापन केले. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी पद्धतीचे भोजनगृह १९४२ पासूनचे. या परंपरेतील अनेक गृहांनी ‘ब्राह्मणी’, ‘शुद्ध’, ‘स्वच्छ’ अशी विशेषणे पाटीवर मिरविली. दुसरीकडे ‘मराठा खाणावळ’ अशाही पाट्या लागल्या. त्या पाट्यांचा अर्थ दुहेरी होता. एका बाजूने त्या मांसाहार किंवा शाकाहार यांची माहिती देत. दुसऱ्या बाजूने स्वयंपाक्याच्या जातीची हमी देत. पैसे देणारा कोणीही असो, शिजविणारा अमुक जातीचा आहे, ही ग्वाही विकली जात होती. अशा रीतीने जातीचा निर्बंध गिऱ्हाइकाकडून सरकून स्वयंपाकघराकडे गेला, असे म्हणता येईल.

इराण्यांची हॉटेले या साखळीत वेगळी पडतात. मुंबईतील कयानी (१९०४) व ब्रिटानिया (१९२३), पुण्यातील गुडलक (१९३५) ही त्यांतील प्रसिद्ध नावे. संगमरवरी पृष्ठाचे टेबल, लाकडी खुर्च्या, चहा व ब्रून पाव. चालक झोरोस्ट्रियन किंवा मुसलमान असल्यामुळे हिंदू जातिव्यवस्थेतील शुद्धतेची हमी देण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. यापेक्षाही परिणामकारक गोष्ट म्हणजे टेबल. पंगतीत सर्वजण एकत्र बसतात व एकत्र उठतात. टेबलाशी प्रत्येकजण आपल्या वेळेला येतो व आपल्या वेळेला जातो. शेजारच्या टेबलावरील माणसाशी त्याचा पंक्तीचा संबंध येत नाही. सहभोजनाचा सिद्धांत न मांडता टेबलाने सहभोजन शक्य केले.

सिद्धांत मांडणाऱ्यांना मात्र किंमत द्यावी लागली. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिभेद न मानण्याची खूण पटवीत; पण ती सभा गुप्त होती, आणि सभासदांची नावे फुटण्याच्या भीतीनेच तिचा शेवट झाला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी ती बातमी प्रसिद्ध करताच ग्रामण्य माजले, आणि प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. एका पेला चहावरून पुण्याचे समाजजीवन ढवळून निघते, यावरून पेयाचे व पात्राचे सामाजिक मूल्य त्या काळी किती होते, हे कळून येते.

४. वऱ्हाडातील परिस्थिती

वऱ्हाडातील भोजनगृहे कापसाच्या व्यापारामागोमाग आली. अमरावती, अकोला, यवतमाळ, पुसद येथील बाजारांत हंगामात शेतकरी, अडते, दलाल, जिनिंग कारखान्यांचे मजूर यांची गर्दी होई. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांनी आपल्या मुनीम-गुमास्त्यांसाठी चालविलेली सामुदायिक भोजनव्यवस्था ‘बासा’ या नावाने ओळखली जाते. तीही मूलतः एका समाजाच्या माणसांसाठी होती. शिक्षणाचा प्रसार झाला (अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये स्थापन झाले) तशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे व त्यांना जोडलेल्या खाणावळी वाढल्या. त्यांतील कित्येक जातवार संस्थांच्या होत्या. ज्या जातींस गावातील खाणावळीचे दार बंद होते, त्यांच्या विद्यार्थ्यांस स्वतंत्र वसतिगृहावाचून गत्यंतर नव्हते. नागपुरात हलबा-कोष्टी विणकर समाजाच्या घरांतून ‘सावजी’ ही तिखट रश्शाची भोजनपद्धती बाहेर आली व पुढे साऱ्या विदर्भात पसरली. एका जातीचे घरगुती अन्न सर्वांच्या पैशाला खुले होते आणि त्याची कीर्ती जातीबाहेर जाते, हा या इतिहासातील उलट दिशेचा, अतएव विशेष लक्षणीय प्रवाह होय.

भाषेतही याचे प्रतिबिंब पडलेले दिसते. पश्चिम महाराष्ट्रात ‘खाणावळ’ हा शब्द अधिक रूढ आहे. विदर्भात हिंदीच्या सान्निध्यामुळे ‘भोजनालय’ हा शब्द पाट्यांवर सर्रास दिसतो. ‘हॉटेल’ म्हणजे तालुक्याच्या गावी राहण्याची जागा नव्हे, तर चहा व फराळाचे दुकान, राहण्यासाठी ‘लॉज’. त्या दुकानात मिळणारे पोहे व तर्री, आलुबोंडा, आणि भोजनालयात मिळणारी पाटवडी, झुणका-भाकर, वांग्याचे भरीत, वडाभात हे पदार्थ नागपूरपासून पैनगंगेपर्यंत ओळखीचे आहेत. या प्रदेशात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्या गिऱ्हाइकास सांगावे लागते. नदीपलीकडील मराठवाडा व त्यापुढील तेलंगण यांच्याशी, तसेच बंजारा, आंध, गोंड व उर्दूभाषक मुसलमान समाजांशी असलेल्या नित्य संबंधांमुळे उमरखेडच्या बाजारातील माणूस अनेक भाषा ऐकतो. अशा गावात अनोळखी माणूस ही रोजची गोष्ट असते. आणि अनोळखी माणसाची जात कळण्यास मार्ग नसतो, हेच भोजनगृहाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

५. बंद दारावरील आघात

तथापि पैशाने दार आपोआप उघडले, असे समजणे चुकीचे होईल. १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस राहण्यास जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी खाणावळवजा निवासात नाव लपवून राहिले. आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. हातात पैसा होता, परदेशी विद्यापीठाचे शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती. पण बाजारातील खोली त्यांस मिळाली नाही. खुल्या बाजाराच्या मर्यादेचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याच सुमारास कोल्हापुरात वेगळा प्रयोग झाला. राजवाड्याच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांस पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य केले, आणि कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान काढले. लोक फिरकत नाहीत असे पाहून महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेत व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. या प्रसंगाचे महत्त्व असे की, येथे प्रश्न अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाच्या प्रवेशाचा नव्हता, तर त्याच्या हातच्या चहाचा होता. वर मांडलेल्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्या व सर्वांत अवघड प्रश्नास शाहू महाराजांनी प्रथम हात घातला. पुढे १९३३ मध्ये रत्नागिरीस वि. दा. सावरकरांच्या पुढाकाराने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघाले. तेही जातिनिरपेक्ष खाण्या-पिण्याच्या हेतूने. मात्र त्याच्या नावातच त्याची कक्षा ठरलेली होती.

सार्वजनिक जागांवरील हक्काचा प्रश्न याच काळात चळवळीचा विषय झाला. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. वऱ्हाडात अमरावतीच्या अंबादेवी मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह १९२७ पासून गाजला. पाणवठा, देऊळ व धर्मशाळा यांच्या मानाने हॉटेल ही गोष्ट गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु पाणवठा व देऊळ ही गावाची, परंपरेची स्थाने होती. हॉटेल हे खासगी मालकाचे दुकान होते. खासगी मालकाने कोणास माल विकावा हे सरकारने ठरवावे काय, हा नवा कायदेशीर प्रश्न त्यातून निर्माण झाला.

६. एक रस्ता, दोन कायदे

या प्रश्नाचे उत्तर प्रांतोप्रांती निरनिराळ्या वेळी दिले गेले, आणि येथेच उमरखेडचे सीमास्थान अर्थपूर्ण ठरते. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४७ च्या २४ व्या कायद्याने अनुसूचित जातींच्या नागरी असमर्थता दूर करण्याची तरतूद केली. मुंबई प्रांतात तत्पूर्वीच १९४६ चा तत्सम कायदा झाला होता. हैदराबाद संस्थानात मात्र असा विनियम १३५८ फसली मध्ये, म्हणजे इ. स. १९४८-४९ मध्ये आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे विलीनीकरण झाल्यानंतरची ती घटना होय. याचा अर्थ असा की, १९४७ नंतरच्या काही काळात उमरखेडहून हदगावकडे निघालेला अनुसूचित जातीचा प्रवासी पैनगंगा ओलांडताच कायद्याने मिळालेल्या संरक्षणाबाहेर जात होता. रस्ता तोच, भाषा तीच, भाकरी तीच, पण हक्क नदीच्या अलीकडेच संपत होता.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने ही विषमता तत्त्वतः मिटविली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थाने यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून प्रतिबंध करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या तरतुदींस शिक्षेचे बळ मिळाले ते १ जून १९५५ पासून अमलात आलेल्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने. त्याने आधीचे प्रांतिक कायदे रद्द करून देशभर एकच नियम लागू केला. १९७६ मध्ये तो सुधारून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ व मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अशा प्रकारे पैनगंगेवरील राजकीय रेषा कायद्याच्या रेषेमागोमाग पुसली गेली.

१९५५ च्या अधिनियमाचे चौथे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्यात दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांतील प्रवेशाचा उल्लेख आहे. पण त्यालगतच उपाहारगृह, हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांत सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी ठेवलेली भांडी व इतर वस्तू वापरण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रवेश दिला म्हणजे सर्व काही साधले, असे कायदेकारांस वाटले नाही. दाराबाहेर किंवा खिडकीपाशी टांगलेली निराळी कपबशी, जिने चहा प्यावयाचा आणि ती स्वतःच धुऊन ठेवावयाची, ही रीत त्यांस ठाऊक होती. म्हणून कोण बसतो आणि कोणाच्या भांड्यातून पितो, हे दोन प्रश्न कायद्याने वेगळे ओळखले. तिसरा प्रश्न, शिजविणाऱ्याचा, कायद्याच्या या कलमाच्या कक्षेत नव्हता. आणि असूही शकत नव्हता. कोणाच्या हातचे खावे हे गिऱ्हाइकावर सक्तीने लादता येत नाही.

७. बसस्थानक आणि थाळी

कायदा अंगवळणी पडण्यास दळणवळणाचे साहाय्य झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली, राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भातील सेवा त्या व्यवस्थेत सामील झाल्या आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. गाडीत शेजारी कोण बसतो हे तिकिटाने ठरू लागले. गाडीतून उतरलेला तोच शेजारी स्थानकासमोरील भोजनालयात शिरला, तर त्याची जात विचारण्यास चालकास ना वेळ होता ना फायदा. गाडी सुटण्यापूर्वी पाने वाढून पैसे घ्यावयाचे, यातच त्याचा धंदा होता. उमरखेडसारख्या रस्त्यावरच्या गावात भोजनगृह गावाच्या आतील भागाकडून स्थानकाकडे व चौकाकडे सरकण्याचा अर्थ हा आहे. आतल्या गावात प्रत्येकजण ओळखीचा असतो. स्थानकावर प्रत्येकजण प्रवासी असतो. तालुक्यातील पोफाळी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर ऊसतोड, वाहतूक व कचेरीची कामे यांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांत भरच पडली.

जेवण वाढण्याची पद्धतही बदलली. पूर्वीच्या खाणावळीत पाट मांडून आग्रहाने वाढले जाई. नव्या भोजनालयात ‘राइस प्लेट’ किंवा ठरावीक दराची थाळी आली. कप्प्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या ताटात प्रत्येकाचा वाटा एकदाच मोजून पडतो. पितळेच्या भांड्यास कल्हई लागे, आणि ते घासण्याची व विटाळाची रूढ कल्पना त्यास चिकटलेली होती. स्टीलच्या ताटास तसा इतिहास नव्हता. अशा लहान वस्तूंनी मोठे सिद्धांत पचविण्यास साहाय्य केले.

याचा अर्थ भेद संपला असा मात्र होत नाही. लहान खेड्यांतील चहाच्या टपऱ्यांत निराळ्या कपबशीची रीत १९५५ नंतरही अनेक वर्षे आढळत होती. जेथे गिऱ्हाईक ओळखीचे, तेथे कायदा दुबळा पडला. जेथे ते अनोळखी, तेथे कायद्याची गरजही कमी भासली. स्त्रियांचा प्रवेशही असाच सावकाश झाला. पडदा लावलेली किंवा लाकडी आडोशाची ‘फॅमिली रूम’ हे दीर्घकाळ हॉटेलांचे अविभाज्य अंग होते. बाईने एकटीने दर्शनी टेबलाशी बसून चहा घेणे, ही गोष्ट तालुक्याच्या गावी सहजासहजी स्वीकारली गेली नाही. ज्या स्त्रियांच्या हातांनी खाणावळीचा धंदा उभा राहिला, त्यांस त्याच धंद्याच्या बैठकीत सर्वांत शेवटी जागा मिळाली, हे या इतिहासातील एक कटू सत्य होय.

शिवाय पैसा हीच पात्रता मानली, की पैसा नसणाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. अन्नछत्रात जात पाहिली जाई, पण दाम पाहिला जात नसे. भोजनालयात दाम पाहिला जातो. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न राज्यसंस्थेकडून झाले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या झुणका-भाकर केंद्रांत एक रुपयात जेवण देण्याची योजना होती. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांत देण्यास आरंभ झाला. या योजनांच्या यशापयशाची चर्चा निराळी. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की, अशा केंद्राच्या रांगेत जात विचारण्याची कल्पना कोणी मांडली नाही. दान आणि दाम या दोन जुन्या तत्त्वांचा त्यात नागरिकत्वाच्या पायावर मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो.

८. उपसंहार

आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे आता एकत्र पाहता येतात. कोण बसतो, या प्रश्नाचे उत्तर टेबलाने, तिकिटाने व कायद्याने बदलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी व निमशहरी भोजनगृहांपुरते ते बव्हंशी निकालात निघाले. कोणाच्या भांड्यातून पितो, या प्रश्नासाठी कायद्यास स्वतंत्र शब्द योजावे लागले, आणि ओळखीच्या गावात ते उत्तर उशिरा पोचले. कोण शिजवतो, या प्रश्नास मात्र कायदा हात घालू शकला नाही. तेथे कोल्हापूरच्या चहाच्या दुकानासमोर थांबलेल्या गाडीसारखी उदाहरणे, सावजीसारख्या चवीचे आकर्षण आणि प्रवाशाची भूक यांनीच जे काही घडवावयाचे ते घडविले.

समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना सभा, ठराव व सत्याग्रह यांची नोंद घेतली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या चळवळींनी मिळविलेला हक्क रोजच्या रोज कोठे वापरला गेला, हे पाहावयाचे असेल तर अभ्यासकाने नागपूर-नांदेड रस्त्यावरील भोजनालयांसारख्या स्थानांकडे वळले पाहिजे. नगरपालिकांच्या परवाना-नोंदी, पोलीस ठाण्यांतील १९५५ च्या अधिनियमाखालील फिर्यादी, वसतिगृहांच्या खाणावळींचे जमाखर्च आणि वृद्धांच्या आठवणी ही त्यासाठीची साधने होत. हाली आणि कलदार या दोन नाण्यांच्या सीमेवर वसलेल्या गावात एका ताटाची किंमत काय होती, आणि ती कोणास कोणत्या नाण्यात व कोणत्या अपमानासह द्यावी लागत होती, याचा शोध अशा साधनांतूनच लागू शकेल.